मालकियाच्या किनाऱ्यावर अरफाची संध्याकाळ

दुपारचे साडेतीन वाजलेत. हमद टाउनमधल्या आमच्या गल्लीत एक होडी उभी आहे. फायबरची, पांढरी, कडेनं निळा पट्टा असलेली, चाकांच्या गाड्यावर चढवून मोटारींच्या रांगेत लावलेली. मागच्या इंजिनावर धूळ बसू नये म्हणून जुनी चादर बांधलीय. समोरच्या घराच्या गच्चीवर तारेचे घुमट एकात एक बसवून रचलेत, एकेक कमरेइतका उंच. हे गरगूर. खडकाळ तळावर सोडून हामूर धरायचे सापळे. हामूर म्हणजे आपलं हेकरू. जूनचं ऊन चाळिशीच्या पुढे गेलंय आणि शमाल, म्हणजे वायव्येचा वारा, बारीक धूळ घेऊन गल्लीतून फिरतोय. समुद्र इथून दिसत नाही, ऐकूही येत नाही. तरी आज गल्लीतल्या प्रत्येक घराला ओहोटीची वेळ पाठ आहे.

हमद टाउन कोळ्यांचं गाव म्हणून वसलेलं नाही. बहरीन सरकारनं १९८४ साली उघडलेली ही घरकुलांची वसाहत. तेव्हाचे युवराज आणि आताचे राजे हमद यांचं नाव तिला दिलं. पट्टी लावून आखलेले रस्ते, एकासारखी एक घरं, आणि पत्ता सांगायचा तो गोल चौकाच्या क्रमांकानं. पण घरं मिळाली ती माणसं कुठून तरी आलीच होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या मालकिया, करझक्कान, दुमिस्तान अशा गावांतल्या कितीतरी कुटुंबांना वाढत्या संसाराला इथे घर मिळालं. गाव मागे राहिलं ते दहा मिनिटांच्या अंतरावर. होडी मात्र त्यांनी बरोबर आणली.

शेजारच्या हज्जिया, हज केलेल्या बाईला इथे मानानं असं म्हणतात, दाराशी येऊन मला हाक मारतात. "बिन्ती, मुलगी तयार आहे का?" बिन्ती म्हणजे माझी लेक. मी चाळिशी ओलांडलीय, तरी त्यांच्या तोंडून ही हाक ऐकली की मी पटकन उठते. त्या मूळच्या मालकियाच्या. त्यांच्या अंगणात सावलीला दोरीवर टोपल्या टांगल्यात. खजुराच्या पात्यांच्या विणीच्या, ओंजळीएवढ्या, प्रत्येकीला लांब दोरी. आत माती आणि मातीत जव. वीतभर वाढलाय, कोवळा हिरवा, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेला. नातवंडांतल्या प्रत्येकाची टोपली वेगळी, आणि त्यातली एक माझ्या लेकीची, मिथिलाची.

ही हिय्या बिय्या. बकरी ईदच्या आदल्या दिवशी, म्हणजे हाजी लोक अरफातच्या मैदानात उभे असतात त्या दिवशी, बहरीनमधली मुलं मावळतीला ही टोपली समुद्रात सोडतात. काही आठवडे आधी धान्य पेरायचं, रोज पाणी घालायचं, तिच्याशी बोलायचं. मग तिला निरोप द्यायचा, आणि हजला गेलेली माणसं सुखरूप परत येवोत असं मागायचं.

मिथिलाला हे अनोळखी वाटलं नाही. घटस्थापनेला परडीतल्या मातीत धान्य पेरायचं, नऊ दिवस पाणी शिंपडायचं, तुरे उंच झाले की दसऱ्याला ते देवाला वाहायचे, टोपीत खोवायचे, हे ती लहानपणापासून पाहत आलीय. हज्जियांनी तिला मूठभर जव दिला तेव्हा तिनं विचारलं ते एवढंच, "याला अंधारात ठेवायचं की उजेडात?" हज्जिया म्हणाल्या, "तू ठेवशील तसा तो वाढेल." आजची तिथीही नववीच आहे. झिलहज्ज महिन्याची नववी.

गाडी पश्चिमेकडे निघते. वस्ती संपते न संपते तोच रस्त्याच्या कडेला मातीचे उंचवटे लागतात, एकाला लागून एक, कुंपणाच्या आत. पहिल्यांदा येणाऱ्याला हे बांधकामाच्या मातीचे ढीग वाटतात. ती चार हजार वर्षांपूर्वीची थडगी आहेत, दिलमून काळातली. २०१९ साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतली तेव्हा २१ ठिकाणी मिळून ११,७७४ थडगी मोजली गेली. हमद टाउन बांधताना अशी पुष्कळ थडगी खणून मग सपाट केली गेली, म्हणजे आमची घरं कुणाच्या तरी उशाशीच उभी आहेत. इथून थोड्या अंतरावर सार इथे दिलमूनच्या लोकांची वस्ती उकरली गेली, तिथल्या घराघरांत माशांचे काटे निघाले. हज्जिया गाडीच्या काचेतून त्या उंचवट्यांकडे पाहत एक छोटी दुआ पुटपुटतात. कोणत्याही दफनभूमीजवळून जाताना त्या हेच करतात, थडगं कुणाचं आणि किती जुनं हे विचारत नाहीत.

मालकियाचा किनारा समोर येतो. वाळू करडी, पाणी उथळ आणि दूरवर हिरवट. ओहोटी लागलीय. पाण्यातून खांबांची एक रांग सरळ आत गेलेली दिसते, आणि जिथे ती संपते तिथे खांबांचाच एक मोठा बाणासारखा आकार. हा हद्रा. पाण्यात रोवलेलं माशांचं कुंपण.

हज्जी, म्हणजे हज्जियांचे यजमान, आधीच पाण्यात उतरलेत. सत्तरी उलटलीय. अंगात जुना सदरा, कमरेला लुंगी, डोक्याला पंचा गुंडाळलेला. बरोबर त्यांचा विशीतला नातू आणि कन्याकुमारीकडचा एक तमिळ मच्छिमार. इथल्या होड्यांचे परवाने बहरीनी माणसांच्या नावावर, पण जाळं ओढणारे हात बहुतेक आपल्याकडचे, तमिळनाडू-केरळचे. हज्जी वळून मलाही बोलावतात आणि पहिली सूचना देतात, "पाय उचलून टाकू नकोस. घासत ये." वाळूत पाखट लपून बसलेलं असतं. त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा घोट्यात घुसतो. पाय घासत गेलं की त्याला आधी चाहूल लागते आणि ते सरकून जातं. रेवदंड्याला माहेरी चिखलातून शिंपल्या काढायला जाताना काकी मला हेच सांगायची.

पाणी गुडघ्याला, मग मांडीला लागतं. वर ऊन असूनही तळाशी गारवा आहे. पायांखाली समुद्रगवत लागतं, लांब आणि मऊ. या गवतावर या आखातातल्या समुद्रगाई जगतात. १९८६ साली विमानातून पाहणी करणाऱ्यांना बहरीन आणि हवार बेटांच्या मधल्या पाण्यात सहाशेहून अधिक समुद्रगाईंचा एकच कळप दिसला होता. जगात एका जागी एवढ्या समुद्रगाई त्याआधी कुणी नोंदवल्या नव्हत्या. हज्जींनी त्या पाहिल्यात. म्हणतात, "आई पिलाला कवेत घेऊन वर येते, श्वास घेते आणि जाते. तिला बघितलं की होडी थांबवायची."

आपण कुंपणाच्या कडेकडेनं चाललोय. या सरळ भिंतीला इथे यद म्हणतात, म्हणजे हात. पूर्वी ही खजुराच्या झावळ्यांच्या दांड्यांची असे, दांड्याशेजारी दांडा खोचून काथ्यानं बांधलेली, आणि दरवर्षी नव्यानं उभारावी लागे. आता लोखंडी नळ्या आहेत आणि त्यांना तारेची जाळी. रचना मात्र तीच. मासा भरतीबरोबर उथळ पाण्यात चरायला येतो. पाणी उतरायला लागलं की तो खोल पाण्याकडे परत निघतो आणि वाटेत ही भिंत आडवी येते. भिंत आली की मासा मागे फिरत नाही. खोल पाणी कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो भिंतीला धरून तिकडे पोहतो आणि नेमका बाणाच्या पोटात शिरतो. आत गेलं की दोन्ही बाजूंच्या भिंती वळून आत येतात. बाहेर पडायचं तोंड असतं, पण भिंतीच्या कडेनं गोल फिरणाऱ्या माशाला ते सापडत नाही. टोकाला एक लहानशी कोठडी असते, सिर्र. शेवटी सगळे तिथे जमतात.

माणसानं इथे काहीच ओढलेलं नाही, काही पेरलेलं नाही, आमिष लावलेलं नाही. समुद्राची रोजची ये-जा आणि माशाचा स्वभाव, या दोहोंच्या भरवशावर हे उभं आहे. आपल्याकडे वसई-अर्नाळ्यापासून रायगडपर्यंत डोल लावतात तीही अशीच पाण्याच्या ओढीवर जगते. खोल पाण्यात खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं जाळं बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या धारेनं ते भरू द्यायचं. माझे आजोबा डोलीचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे त्यांचं गणित. नवमी असेल तर नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे पावणेसातला पाणी भरलेलं. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हा हिशेब आजही चालतो. बहरीनच्या पाण्याची वेळ निराळी आहे, इथे पाऊणपट लागू पडत नाही. पण चंद्राचं राज्य दोन्हीकडे सारखंच. नवमीला भांग, म्हणजे पाण्याला जोर नाही, भरतीही मध्यम आणि ओहोटीही मध्यम. मी हज्जींना विचारते, "आज मासा कमी असेल ना?" ते थबकून माझ्याकडे बघतात. मग नातवाला अरबीत म्हणतात, आणि नातू हसत मला सांगतो, "आजोबा म्हणतात, हिच्या घरी कुणीतरी समुद्रात जाणारं होतं."

सिर्रच्या तोंडाशी पाणी कमरेपर्यंत आहे. हज्जी आत शिरतात. त्यांच्या हातात लाकडी चौकटीचं छोटं जाळं. पाणी एकदम हलायला लागतं. चंदेरी पाती एका बाजूनं दुसऱ्या बाजूला धावतात, वळतात, पुन्हा धावतात. हज्जी घाई करत नाहीत. भिंतीला पाठ लावून उभे राहतात, मासे शांत होऊ देतात, मग जाळं तळातून तिरकं वर आणतात. पहिल्याच खेपेला साफी येतो. करडा-तपकिरी, अंगावर फिकट ठिपके, पाठीवर विषारी काटे. बहरीनच्या माणसाला साफी म्हणजे काय ते सांगायचं तर आपल्याकडच्या कुणाला पापलेट आवडतं यापेक्षा बरंच काही सांगावं लागेल. परदेशी शिकायला गेलेली मुलं घरी फोन करून आधी साफीची चौकशी करतात. तमिळ भाऊ त्याला शेपटीच्या वरून चिमटीत धरतात, काटे टाळून, आणि तरंगत्या टोपलीत टाकतात. मग बोय येतात, उड्या मारत. एक माकुल, धरल्याबरोबर शाई सोडणारं. निळ्या नांग्यांचे खेकडे, एकमेकांना धरून आलेले. शेरी नावाचा एक रुंद तोंडाचा मासा, गालावर निळ्या रेघा असलेला.

आणि बोटाएवढी लहान लहान पिल्लं. ती हज्जी जाळ्यातच बाजूला करतात आणि कुंपणापलीकडे सोडून देतात. प्रत्येक खेपेला. नातू म्हणतो, "सगळे असं करत नाहीत."

हे तो खरं बोलतोय, आणि ते इथे लिहायला हवं. नातू खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन काढतो आणि उपग्रहाचा नकाशा उघडतो. किनाऱ्याच्या कडेनं पाण्यात बाणच बाण दिसतात. आपण उभे आहोत तो सुद्धा. २०१३ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी असेच उपग्रहाचे नकाशे पाहून साऱ्या आखातातली ही कुंपणं मोजली. त्यांचा हिशेब असा की देशोदेशींची सरकारं या कुंपणांतून मिळणारा जेवढा मासा कागदावर दाखवतात, त्याच्या सहापटीपर्यंत मासा प्रत्यक्षात निघत असावा. जाळी बारीक विणली तर हद्रा पिल्लंही गिळतो. जुन्या झावळ्यांच्या फटीतून ती निसटायची, तारेच्या जाळीतून निसटत नाहीत. परंपरा म्हणून एखादी गोष्ट निर्दोष ठरत नाही, आणि हज्जींना हे कुणी सांगायची गरज नाही. त्यांनी आपल्या सिर्रच्या एका अंगाची जाळी मुद्दाम मोठ्या डोळ्याची बसवून घेतलीय.

हा हद्रा हज्जींना वडिलांकडून आला. इथे हद्रा म्हणजे शेतासारखी मालमत्ता. तो वारशानं मिळतो, खंडानं देता येतो, धर्मादाय म्हणून मशिदीच्या नावे ठेवता येतो. पाण्यातल्या जागेची अशी शतकानुशतकांची मालकी आणि तिची लिखापढी मला फार मोलाची वाटते. समुद्र कुणाचाच नाही असं म्हणणाऱ्यांनीच समुद्र बुजवला. ज्यांच्या नावावर त्याचा तुकडा होता त्यांनी तो राखला.

टोपली किनाऱ्यावर येते. वाळूवर ताडपत्री, तिच्यावर मासे ओतलेले, आणि भोवती घटकेत माणसं जमलेली. उद्या ईद, घरोघरी पाहुणे. मुहरक-मनामाच्या बाजारातून येणाऱ्या बर्फातल्या माशापेक्षा हा श्वास घेणारा मासा सगळ्यांना हवाय. तराजू नाही. हज्जी ढीग लावतात आणि किंमत सांगतात. चिल्लर बोलताना जुनी माणसं अजून शंभर फिल्सना रुबिया म्हणतात, कारण १९६५ साली दिनार येईपर्यंत बहरीनमध्ये रुपयाच चालायचा, आणि बदली झाली ती एका दिनाराला दहा रुपये या दरानं. एक तरुण जोडपं खेकडे घेतं. एक बाई साफीचा ढीग उचलतात. आज रात्री त्यांच्याकडे मुहम्मर होणार. खजुराच्या काकवीत शिजवलेला गोड भात आणि बरोबर तळलेला साफी. मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांचं हे जेवण. दिवसभर पाण्यात राहून आलेल्या शरीराला ताकद यावी म्हणून भातात गोडवा. सुरुवातीला गोड भाताबरोबर तळलेला मासा मला चमत्कारिक वाटला होता. आता पाहुणे आले की मी स्वतः करते.

हज्जींचे वडील बुड्या मारणाऱ्यांपैकी. उन्हाळा लागला की जहाजं निघायची आणि चार महिने परतायची नाहीत. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोर, गळ्यात शिंपल्यांची टोपली. निघालेलं मोती मुंबईला जायचं. आखातातल्या मोत्यांची मोठी पेठ मुंबईच होती, तिथून ते पुढे युरोपला. जपानी लागवडीचं मोती आलं, १९३० च्या दशकात धंदा बसला, आणि १९३२ साली जबल दुखान टेकडीच्या पायथ्याशी तेल लागलं. माणसं जहाजावरून उतरून तेलाच्या विहिरीवर गेली. मुहरकमधल्या मोती व्यापाऱ्यांच्या वाड्यांचा रस्ता २०१२ साली जागतिक वारसा झाला, बुडी मारणाऱ्यांचं गाणं, फिजिरी, २०२१ साली युनेस्कोच्या यादीत आलं. हज्जी त्या गाण्याबद्दल विचारलं की मान हलवतात. "ते गाणं गाताना माझा बाप रडायचा. यादीत आलं ते बरं झालं."

सावल्या लांबल्यात. हज्जिया चटई टाकून बसल्यात, थर्मासमधला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, छोट्या पेल्यांत ओततात. त्यांची आजी काय करायची ते त्या सांगतात. जहाजं चार महिन्यांनीही आली नाहीत की गावातल्या बाया किनाऱ्यावर जमायच्या. पेटवलेली झावळी हातात घेऊन समुद्राला मारायच्या. त्याला दरडावायच्या, आता पुरे, तोबा कर, आमची माणसं परत दे. हज्जिया हे सांगताना हात उगारून दाखवतात आणि आजूबाजूच्या पोरी अवाक् होऊन पाहतात. मला नारळी पौर्णिमा आठवते. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात सोनेरी कागद लावलेला नारळ मिरवत बंदरावर न्यायचा, दर्याला हात जोडायचे, आता शांत हो, आम्ही येतोय. आमच्या बाया समुद्राला मनवतात, यांच्या बाया रागे भरत. घरचं माणूस पाण्यावर असलं की बाईला दोन्ही येतं. आत्ता, जूनमध्ये, रेवदंड्याच्या होड्या वाळूवर ओढून झाकून ठेवलेल्या असतील. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस मासेमारी बंद. इथेही या महिन्यांत कोळंबी धरायला बंदी आहे. अंडी घालायच्या दिवसांत जाळं वर ठेवायचं, हा शहाणपणा दोन्ही किनाऱ्यांना सरकारी हुकमाच्या आधीपासून ठाऊक होता.

तमिळ भाऊ गहव्याचा पेला घेऊन जरा अंतरावर बसतात. त्यांना गावाकडची आठवण येते का विचारते. "अक्का, मुलगी बारावीला आहे. ती नर्स होणार. मग मी परत." एवढंच बोलतात. नंतर उठून ताडपत्री समुद्राच्या पाण्यानं धुवायला लागतात. या किनाऱ्याच्या परंपरेबद्दल लिहिताना हा माणूस बाहेर ठेवून चालणार नाही. हज्जींच्या गुडघ्यांत आता जोर नाही, नातू बँकेत काम करतो आणि सुट्टीच्या दिवशीच येतो. हद्राची जाळी फाटली की पाण्यात उतरून ती शिवणारे हात कन्याकुमारीचे आहेत.

किनाऱ्यावर आता गर्दी आहे. मालकियाची, करझक्कानची, आमच्या हमद टाउनची माणसं. मोटारी रस्त्यापर्यंत लागल्यात. एवढा किनारा सगळ्यांना मोकळा आहे ही गोष्ट आपोआप झालेली नाही. २००५ साली राजघराण्यातल्या एका व्यक्तीनं इथे भिंत बांधली आणि गावाची समुद्राकडची वाट अडली. गावकरी उतरले, देशभरातून माणसं आली, हातात हात धरून साखळी केली. शेवटी भिंत पाडली गेली. हज्जी त्या साखळीत होते. बहरीननं गेल्या काही दशकांत समुद्रात भर घालून सुमारे शंभर चौरस किलोमीटर जमीन केलीय. एवढ्याशा देशात हे फार झालं. त्या भरावाखाली किती हद्रे गेले, किती समुद्रगवत गेलं. उत्तरेच्या कितीतरी गावांना आता समुद्र पाहायला मोटारीनं जावं लागतं. मुंबईत वरळी कोळीवाड्यानं हाच झगडा दिला. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून होड्या जायच्या तर दोन खांबांत ६० मीटरचं अंतर पुरणार नाही, हे त्यांनी धरून ठेवलं, आणि ते १२० मीटर करून घेतलं. समुद्रावरचा हक्क या गावांनी भाषणांत मागितला नाही, होडी जाईल एवढी वाट मागितली.

साडेसहा वाजायला आले. सूर्य पाण्याला टेकतोय. पश्चिम किनारा असल्यामुळे इथे तो कोकणातल्यासारखाच समुद्रात बुडतो. मुली जरीकाठी झिरझिरीत बुख्नक डोक्यावरून घेऊन आल्यात, कपाळावर सोनेरी बिंदी, मेंदीचे हात. मुलगे पांढऱ्या झब्ब्यात, वर बिनबाह्यांची बंडी. मिथिलानं परकर-पोलकं घातलंय आणि हज्जियांनी तिच्या गळ्यात आपल्या नातीचा एक सोनेरी हार घातलाय. सगळ्यांच्या हातात टोपल्या. काही करबाबादच्या बायांनी विणलेल्या, काही दुकानातून आणलेल्या. एका मुलाचा जव उगवलेलाच नाही. त्याची आई त्याच्या टोपलीत हज्जियांच्या टोपलीतले चार तुरे उपटून खोचते, आणि त्याचा चेहरा उजळतो.

पाणी परत यायला लागलंय. मुलं ओळीनं घोट्याभर पाण्यात उभी राहतात. कुणी आज्ञा देत नाही, पण एका टोकाकडून गाणं सुरू होतं आणि ओळभर पसरतं. जुनं गाणं, दोन-तीन शब्दांचं येणं-जाणं, टोपलीला सांगणारं की तुला जेवू घातलं, पाणी पाजलं, आता जा. मुलं दोरी धरून टोपली डोक्यावरून फिरवतात, एकदा, दोनदा, आणि सोडतात. काही दूर जातात. काही पायाशीच पडतात आणि मुलं धावत जाऊन त्या पुन्हा फेकतात. मोठी माणसं फोन उंच धरून उभी. एक चार वर्षांची मुलगी टोपली सोडायला तयार नाही. छातीशी घट्ट धरून रडतेय. तिचे वडील पाण्यात बसतात, तिच्या कानात काही बोलतात, बराच वेळ बोलतात. शेवटी ती टोपली फेकत नाही, पाण्यावर ठेवते.

मिथिला फेकते. टोपली उंच जाते, उलटते, माती आधी पडते आणि तुरे मागून. ती वळून मला विचारते, "आई, हजला गेलेल्यांत आपलं कुणी आहे का?" मी हज्जियांकडे बघते. त्यांची धाकटी बहीण यंदा मक्केला गेलीय. "आहे," मी म्हणते. मिथिला पुन्हा पाण्याकडे तोंड करून डोळे मिटते आणि हात जोडते. शेजारची मुलं तळवे वर करून उभी आहेत.

मगरिबची अजान होते. हज्जी वाळूवर नमाजाला उभे राहतात, पाय अजून ओले. तमिळ भाऊ होडीच्या सावलीत छातीवर क्रूस करतात. टोपल्या पाण्याबरोबर किनाऱ्याकडे परत येतायत, आणि नातू व त्याचे मित्र वाळूवर आलेल्या प्लॅस्टिकच्या दोऱ्या, पिशव्या एका पोत्यात भरतायत. दरवर्षी भरतात म्हणे. पात्यांच्या टोपल्या तशाच सोडतात, त्या समुद्रात विरतात.

बहरीनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माझं एक सांगणं आहे. आपण इथे येतो, मनामाच्या मॉलमध्ये फिरतो, गणपती बसवतो, दिवाळी पहाट करतो आणि बदली झाली की निघून जातो. समुद्रावर जाऊन आलो असं म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हॉटेलच्या वाळूवर गेलेलो असतो. पुढच्या बकरी ईदला महिनाभर आधी मुलांच्या हातात मूठभर जव किंवा गहू द्या. टोपली करबाबादच्या विणकर बायांकडूनच घ्या, प्लॅस्टिकची नको. आदल्या दिवशी दुपारी मालकियाला या, ओहोटीची वेळ कुणाही जुन्या माणसाला विचारा, तो आनंदानं सांगेल. पाण्यात उतरलात तर पाय घासत चाला. हद्राच्या आत न विचारता जाऊ नका, ते कुणाचं तरी शेत आहे. आणि मासा घेणार असाल तर तिथेच, वाळूवरच्या ताडपत्रीवरून घ्या.